आज कोणाचा हात?

त्याच्या शोकसभेला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि पहिल्या वाक्यापासून चिडलो होतो. अमरावतीच्या न्यायालयातील वकिलांच्या ज्या खोलीत त्याला हयातीत धड खुर्ची मिळत नव्हती, त्याच खोलीत त्याच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता. पहिल्या वक्त्याने सांगितले की तो गरिबांकडून फी घेत नसे. दुसऱ्याने सांगितले की जखमी माणसाचा हात तो स्वतःच्या अंगावर मिरवीत असे, कारण त्याला चर्चेत राहणे आवडे. तिसरा वक्ता अकोल्याहून आला होता. तो म्हणाला, माणूस मोठा होता, पण हट्टी होता, आणि त्या हट्टापायी एका विधवेच्या हाती आलेले पैसे त्याने घालवले. मग सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून आपापले मोबाइल पाहिले.

या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी अठ्ठावीस वर्षे अकोल्याच्या आणि अमरावतीच्या न्यायालयांत विमा कंपन्यांच्या बाजूने त्याच्याविरुद्ध उभा राहिलो. त्याच्या मित्रांपेक्षा मी त्याला अधिक ओळखतो, कारण मित्र त्याच्या बोलण्याला मान डोलवीत आणि मला त्याचा प्रत्येक शब्द खोडून काढण्याचे पैसे मिळत. आता त्याच्यावर स्मरणिका निघणार आहे आणि संपादकांनी माझ्याकडे 'दोन शब्द' मागितले आहेत. दोन शब्दांत मला खोटेच लिहिता आले असते; म्हणून हा लेख लांब झाला आहे. शिवाय मी त्याला 'तो' असेच म्हणणार आहे. माणूस गेला की दुसऱ्या दिवसापासून 'ते' म्हणू लागण्याची रीत मला मान्य नाही.

फीचे पहिले. तो फी घेत असे. ठरलेली, पूर्ण, आणि पावती देऊन. भातकुलीकडच्या एका मजुराने एकदा फीऐवजी घरची तूर आणली. माझ्यादेखत त्याने ते पोते परत मजुराच्या खांद्यावर चढवले आणि म्हणाला, "तूर तू खाय. मले फी दे, हप्त्यानं दे. फुकटच्या वकिलाले कोणी शिव्या देत नाही, अन् तुले शिव्या द्याचा हक्क राह्यला पाह्यजे." मजूर हसला. तो हसला नाही. विनोद करतो आहे असे समजून लोक त्याच्या पुष्कळ बोलण्याला हसत. मीही प्रारंभी हसत असे.

आता हाताविषयी.

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली, हे त्यात छापलेले आहे. अंगठ्याला एक आकडा, तर्जनीला दुसरा, पंजाला तिसरा. आमच्या बाजूच्या वकिलाला हा तक्ता फार सोयीचा पडतो. बोट आकड्यात बसले की त्याविषयी आणखी काही बोलण्याची गरज उरत नाही. त्याला मात्र हा तक्ता वाचला की ओकारी येते, असे तो भर न्यायालयात म्हणाला होता, आणि त्याबद्दल त्याने माफीही मागितली होती.

त्याची पद्धत अशी होती. नवे प्रकरण आले की अर्ज लिहिण्यापूर्वी एक दिवस तो पक्षकाराचा गेलेला अवयव स्वतःचा बांधून ठेवी. मांजरपाटाची एक पट्टी त्याच्याजवळ कायम असे. सकाळी अंघोळीपूर्वी ती पट्टी बायकोकडून बांधून घ्यायची आणि दिवेलागणीपर्यंत सोडायची नाही, असा नियम होता. त्या अवस्थेत तो एसटीने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाई, कज्जे चालवी, जेवी आणि परत येई. निकालाच्या किंवा तडजोडीच्या दिवशी ती पट्टी पुन्हा बांधी, विसरू नये म्हणून. मे महिन्यातल्या अकोल्याच्या उन्हात काळ्या कोटाखाली बांधलेला हात पाहून चहावाल्यापासून बेलिफापर्यंत सारे विचारत, "वकीलसाहेब, आज कोणाचा हात?" ती थट्टाच असे. तो मात्र गंभीरपणे उत्तर देई, "नांदगाव खंडेश्वरच्या मळणीवाल्याचा. डावा, कोपरापासून." डोळा गेलेल्या एका माणसासाठी त्याने डोळा बांधला आणि बडनेऱ्याला एसटीच्या पायरीवरून पडून स्वतःचा दात पाडून घेतला. मृत्यूची प्रकरणे मात्र तो घेत नसे. विचारले तर म्हणे, "मेलेल्याचं मले काय बांधता येते?"

चर्चेत राहण्यासाठी माणूस एवढे करतो, हे शोकसभेच्या वक्त्याचे म्हणणे. चर्चा त्याच्या कामाची असती तर त्याने फोटो काढू दिले असते. एका वार्ताहराचा मोबाइल त्याने डाव्या हाताने हिसकावून घेतला होता. त्या दिवशी उजवा बांधलेला होता.

दिवसभर जे जे अडले ते तो संध्याकाळी उरलेल्या हाताने लिहून काढी. अक्षर भयंकर येई. ती यादी तो दाव्याला जोडी, आणि मी प्रत्येक वेळी हरकत घेई. यादी म्हणजे पुरावा नव्हे. वकिलाने स्वतः साक्षीदार होऊ नये. कायदा माझ्या बाजूने होता आणि बहुतेक वेळा न्यायाधीशही. तरी त्या यादीतल्या काही ओळी माझ्या स्मरणातून गेलेल्या नाहीत. 'पायजम्याची नाडी बांधता येत नाही.' 'ओले धोतर पिळता येत नाही.' 'संत्रे सोलता येते, पण दातांनी. म्हणून चारचौघांत खाता येत नाही.' आणि एका यादीत एकटीच, खाली लिहिलेली ओळ होती: 'डावा हात धुता येत नाही.' ती वाचून न्यायाधीश थांबले होते. उजवा हात नसला तर डाव्याला धुणार कोण, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. मी हरकत घ्यायला उठलो होतो. हरकत घेतली आणि ती मान्यही झाली. निकालांची गणना केली तर त्याच्यापेक्षा मी अधिक जिंकलो आहे. हे मी नम्रतेने सांगत नाही.

त्याची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. तडजोडीचा करारनामा तो पक्षकाराला तीनदा वाचून दाखवी. पहिल्यांदा जसाच्या तसा. दुसऱ्यांदा वऱ्हाडीत. तिसऱ्यांदा तो गप्प बसे आणि करारनाम्यात काय आहे ते पक्षकाराने त्याला सांगायचे. जोवर पक्षकार शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोहोचत नाही, तोवर सही नाही. मालकांचे मुनीम या प्रकाराला कंटाळत. मीही कंटाळत असे आणि तसे त्याला सांगत असे. तो मला 'कंपनीवाले' म्हणे. "कंपनीवाले, तुमच्या कागदाचा जो तुकडा तिसऱ्या खेपेले अडखळते, तोच तुमी मन लावून लिहिलेला राह्यते."

आता तिसऱ्या वक्त्याने सांगितलेली विधवा.

अकोल्याबाहेरच्या एका जिनिंगमध्ये ती कामाला होती. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रात अडकलेला कापूस ओढताना तिचा उजवा पंजा आत गेला. नवरा आधीच वारलेला होता. ती जेठ-जेठानीच्या, म्हणजे थोरल्या दीर-जावेच्या, घरात राहत असे. जेठाचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते, चार बांबू आणि ताडपत्रीचे. भरपाई मिळाली की त्याला पक्क्या भिंती आणि शटर बसणार होते. ही गोष्ट त्या जेठाने मला स्वतः सांगितली होती, विरुद्ध बाजूचा वकील असूनही, कारण मी लवकर आटोपेन अशी त्याची समजूत झाली होती.

यंत्रावर जाळी असती तर हात गेला नसता. जाळी लावली की कापूस वारंवार अडकतो आणि काम मंदावते, म्हणून हंगामात जाळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवत. हे अकोल्यात सर्वांना माहीत होते, मलाही होते. मालकाचे म्हणणे असे की जाळी बाईने स्वतः काढली. कामगाराने संरक्षक जाळी जाणूनबुजून काढली असेल तर भरपाई टाळता येते, असे कलम आहे, आणि मी त्या कलमाच्या आधारे लढत होतो. तिचे नाव हजेरीपटावर नव्हते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका साक्षीला येऊन काही पाहिले नाही म्हणून गेल्या. तिचे प्रकरण कच्चे होते.

तरी मालकाला ते मिटवायचे होते, कारण कारखाना निरीक्षकाचा वेगळा खटला डोक्यावर होता. म्हणून लोकअदालतीत तडजोड ठरली. रक्कम बरी होती. करारनामा मी लिहिला. त्याच्या मधल्या एका परिच्छेदात एक वाक्य होते: यंत्रावरील जाळी अर्जदाराने स्वतःच्या सोयीसाठी स्वतः काढलेली होती. तेवढ्या एका वाक्याने मालक निरीक्षकाच्या खटल्यातून सुटणार होता. ते वाक्य मी मन लावून लिहिले होते.

लोकअदालतीच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला. हे कोणालाच माहीत नाही, म्हणून नीट लिहितो. तो म्हणाला, "कंपनीवाले, उद्या मोडू नका. साक्षीदार फुटले, हजेरी नाही. माह्या मतानं बाईनं घेऊन टाकावं." जाळीचे वाक्य त्याने वाचले होते. "तुमचं ते वाक्य मले पचत नाही," एवढे तो म्हणाला, "पण तिच्या पोटाले पचन." ज्याने हट्टापायी तडजोड मोडली असे सांगितले जाते, त्या माणसाला तडजोड हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो उजवा हात बांधून आला. खोलीत आम्ही चौघे होतो: मध्यस्थी करणारे निवृत्त न्यायाधीश, मी, तो आणि ती बाई. जेठ बाहेर बाकावर बसला होता. नेहमीप्रमाणे त्याने तिला करारनामा एकदा वाचून दाखवला, मग वऱ्हाडीत वाचला, आणि मग डाव्या हाताने कागद उलटा ठेवून गप्प बसला.

बाई सांगू लागली. इतके पैसे भेटतील. मंग माझा दावा राहत नाही. मालकासंग माझं भांडण नाही. इथवर ती न अडखळता आली. मग थांबली.

"जाळी म्या काढली," ती म्हणाली. "हे कोन म्हणते?"

"कागदात तुमीच म्हणता, बाई."

"म्या नाही काढली."

"मले माहीत हाये," तो म्हणाला, आणि पुढे बोलला नाही. नियमाप्रमाणे तिसऱ्या वाचनात तो बोलत नसे.

मी बोललो. ही केवळ लिहिण्याची रीत आहे, त्याने तुमचे काही जात नाही, असे मी तिला समजावले. तिने माझ्याकडे पाहिले. ती संतापलेली नव्हती. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी पाहत होती.

"वकीलसाब, त्या मशिनीवर आता माही जेठानी उभी राह्यते. जाळी म्याच काढली असं लिहून देल्लं, तं मालक जाळी लावन काहून?"

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. मी कागद सरळ केले. तिने डाव्या हाताने करारनामा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "नाही."

त्याचा चेहरा त्या क्षणी उतरला होता, हे मी पाहिले आहे. तिला काय नाकारावे लागते आहे ते त्याला आमच्या सर्वांपेक्षा नेमके ठाऊक होते. त्याची तिच्याविषयीची यादी दोन पाने भरली होती. पण तो उठला आणि दार उघडले. जेठाने विचारले, काय झाले. आत काय झाले ते सांगितले असते तर त्या रात्री तिला त्या घरात जागा राहिली नसती. तो म्हणाला, "मोडलं. मी 'नाही' म्हटलं."

बाई मागेच होती. तिने तोंड उघडले. त्याने तिच्याकडे वळून पाहिले आणि मान हलवली.

जेठाने चप्पल काढली. लोक आता पाच मारल्या म्हणतात. एकच मारली, मी दोन हात अंतरावर उभा होतो. उजवा हात बांधलेला असल्यामुळे चेहरा झाकायला त्याचा डावा हात वर आला, आणि तो उशिरा आला. शिपायांनी जेठाला धरले. त्याने तक्रार दिली नाही. पट्टीचे टोक सुटले होते, ते दातांनी ओढून पुन्हा घट्ट केले आणि पायऱ्या उतरून गेला. दिवेलागणीला अजून अवकाश होता.

इतरांच्या चुका दाखवण्यासाठी मी एवढी पाने घेतली आहेत. आता माझी ऐका. मला सत्य माहीत होते. वकिलांच्या खोलीत त्या दिवशी चप्पल कशी बसली याचे वर्णन मी केले आणि लोक हसले. ती का बसली हे मी सांगितले नाही. दाव्याचा निकाल पुढे कित्येक वर्षे लांबला. शेवटच्या लेखी युक्तिवादात मी लिहिले: 'विलंबास अर्जदाराच्या वकिलाचा अवाजवी हट्ट कारणीभूत असून तेवढ्या काळाचे व्याज प्रतिपक्षावर लादू नये.' हे खोटे आहे हे लिहिताना मला ठाऊक होते. त्याने न्यायालयात ते वाक्य वाचले, मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर खरे सांगावे लागले असते, आणि जेठ मागच्या बाकावर बसलेला होता. दावा तो जिंकला. व्याज मी कापले. अकोल्याचा वक्ता शोकसभेत जे वाक्य बोलला ते माझेच आहे. त्याने फक्त 'अवाजवी' गाळले.

त्यानंतर जिनिंगमधली माणसे त्याच्याकडे येईनाशी झाली. हा वकील तडजोड मोडतो, स्वतःच्या नावासाठी लढतो, असे शेडशेडमधून पसरले होते. शेवटची काही वर्षे तो अमरावतीला न्यायालयाच्या भिंतीलगत टेबल टाकून प्रतिज्ञापत्रे लिहून देई. मी जाता-येता त्याला पाही. एकदा त्याचा हात बांधलेला नव्हता तरी एका टवाळाने विचारले, "आज कोणाचा हात?" तो म्हणाला, "आज माहाच." त्या उत्तराला मात्र मला हसू आले नाही.

शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी अकोल्याला त्या बाईच्या घरी गेलो. खरे छापायचे तर तिची परवानगी हवी, एवढा कायदा मला कळतो. जेठ दोन वर्षांपूर्वी वारला होता. तिने मला ओळखले आणि खुर्ची दिली. मी सगळे सांगितले, व्याजाचेही. ती ऐकत होती. मला वाटले होते ती रडेल किंवा मला घराबाहेर काढेल.

"तुमी आता सांगून राहिले," ती म्हणाली. "म्या तं तवाच सांगतलं होतं."

मला कळेना.

"त्याच रात्री सांगतलं. जेठाले, जेठानीले, मोहल्ल्यात. म्हटलं, वकिलाले काहून मारलं, 'नाही' म्या म्हटलं. जेठ म्हणे, तुले वकिलानं पढवलं. बाया म्हणे, वकिलाले वाचवते. बाई पैशाले नाही म्हणते, हे कोणाले पटते, साब?"

"घराबाहेर काढलं नाही?"

"काढाले त्याईनं माहं खरं मानाले तं पाह्यजे."

मग ती त्याच्याकडेही गेली होती, अमरावतीला, त्या टेबलापाशी. तुमी खरं सांगा, असे तिने त्याला म्हटले होते. तो म्हणाला होता, राहू द्या बाई, माझ्या अंगावर आहे ते बरे आहे. तिने हे सांगितले तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"माहा हात त्यानं बांधला, ते मले समजे. चांगला मानूस होता. पण माहं 'नाही' बी त्यानंच बांधून नेलं. अन् तुमी त्याच्यावर शिक्का मारला."

मी अठ्ठावीस वर्षे प्रत्येक आरोपाला उत्तर दिले आहे. हा मी तिच्यासमोर शब्दशः लिहून घेतला.

त्याच वेळी तिची जेठानी आतून चहा घेऊन आली. तीन कप असलेली थाळी तिने दोन्ही हातांनी धरली होती, आणि माझ्यासमोर ठेवल्यावर सांडलेला चहा पदराने पुसला. मी तिच्या हातांकडे पाहत राहिलो. जाळीच्या त्या वाक्यावर सही न झाल्याने निरीक्षकाचा खटलाही चालू राहिला होता. त्या हंगामात जाळ्या परत यंत्रांवर चढल्या. जेठानी पुढची सहा वर्षे तिथे कामाला होती. नंतर जाळ्या पुन्हा निघाल्या, पण तोवर तिने काम सोडले होते. जिनिंगवाल्यांपैकी कोणाला याची आठवण नाही, आणि कोणत्याही तक्त्यात याला जागा नाही.

उठताना मी त्या बाईकडे परवानगी मागितली. ती म्हणाली, लिहा. मी सांगितले की अशा लेखात नावे देत नाहीत. त्याचेही देणार नाही, माझेही देणार नाही, तुमची अब्रू सांभाळीन. तिने तिथेच मला थांबवले. तुमचे नाव नका टाकू, त्याचे नका टाकू, पण माझे टाका, नाही तर छापू नका, असे ती म्हणाली. मग तिने मला तिचे म्हणणे परत सांगायला लावले. काय लिहिणार ते मी सांगितले. ती ऐकत होती, गप्प, तो बसे तशी. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलो तेव्हा तिने होकाराची मान डोलावली.

संपादकांना विनंती आहे की जागा अपुरी पडल्यास या लेखातले काहीही कापावे, मी तक्रार करणार नाही. पुढची ओळ मात्र कापू नये.

लोकअदालतीच्या त्या खोलीत 'नाही' म्हणाली ती जैतूनबी.